डेबियनवर डीव्हीडी बर्न मध्येच तुटते, सीडी पूर्ण होते पण चेकसम जुळत नाही

मूषकराज

डेबियन १२ (लिनक्स), केडीई डेस्कटॉप, बर्न करायला के३बी हा प्रोग्राम. ड्राइव्ह बाहेरचा, स्लिम, यूएसबीवर चालणारा, चार पोर्टच्या हबला जोडलेला. तक्रारी दोन आहेत, एकमेकींशी संबंध असेल-नसेल माहीत नाही.

पहिली डीव्हीडीची. कोरी डीव्हीडी-आर, डिस्कवर १६एक्स छापलंय. आयएसओ (डिस्कवर जसंच्या तसं लिहायची फाइल) ३.९ जीबी. वेग ‘ऑटो’. बर्न सुरू केलं की ड्राइव्ह पंधरा-वीस सेकंद घरघरतो आणि के३बी चूक दाखवून थांबतं. डीबगिंग आउटपुटमध्ये कामाची वाटणारी ओळ एकच आहे:

परफॉर्म ओपीसी फेल्ड विथ एसके=३एच/एएससी=७३एच/एएससीक्यू=०३एच: इनपुट/आउटपुट एरर

तीन डिस्कवर हेच झालं. के३बी रूट म्हणून चालवून पाहिलं, तरी तेच.

दुसरी सीडीची. आयएसओ ६६,१७,२९,२८० बाइटचा. सीडी-आरवर बर्न व्यवस्थित पूर्ण होतं, डिस्क माउंट होते, फायली उघडतात. पण शा२५६सम (चेकसम, म्हणजे डेटा जसाच्या तसा आहे का ते पडताळायचा आकडा, काढणारी कमांड) थेट /डेव्ह/एसआर० वर, म्हणजे ड्राइव्हवर, चालवलं की अगदी शेवटी इनपुट/आउटपुट एरर. मग डीडी (डेटा ब्लॉकाब्लॉकाने वाचणारी कमांड) वापरून पाहिलं, बीएस=१एम, कॉन्व्ह=नोएरर,सिंक, आणि त्याचं आउटपुट पाइपने शा२५६समला दिलं. आकडा मिळाला, पण आयएसओच्या आकड्याशी जुळत नाही. डीमेसेजमध्ये (कर्नलच्या लॉगमध्ये) ही ओळ:

आय/ओ एरर, डेव्ह एसआर०, सेक्टर १२९२४४०

डिस्क खराब, ड्राइव्ह खराब, की माझं काही चुकतंय?

(कमांडी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्यात. टर्मिनलवर अर्थात रोमन.)

---

लॉगवाचक

ओळ बरोबर उचललीत. बाकीचा लॉग सध्या बाजूला ठेवा, त्या तीन आकड्यांतच उत्तर आहे. ते आकडे के३बीचे नाहीत, त्याच्यामागे प्रत्यक्ष डीव्हीडी लिहिणाऱ्या ग्रोआयसोएफएसचेही नाहीत. खुद्द ड्राइव्हने पाठवलेलं उत्तर आहे ते.

एसके म्हणजे सेन्स की, तक्रारीची जात; एएससी आणि एएससीक्यू म्हणजे त्याच तक्रारीचा नेमका तपशील. २ म्हणजे ड्राइव्ह तयार नाही (डिस्कच नाही, किंवा अजून फिरायला लागलेली नाही). ३ म्हणजे माध्यमाची, म्हणजे डिस्कच्या पृष्ठभागाची तक्रार. ४ हार्डवेअर. ५ म्हणजे प्रोग्रामने ड्राइव्हला न कळणारं किंवा या डिस्कवर न चालणारं काही मागितलं. ५ आला तर सॉफ्टवेअर, वेगळी आवृत्ती, चुकीचा पर्याय वगैरे शोधायचं. ३ किंवा ४ आला तर सॉफ्टवेअर बदलत बसण्यात वेळ घालवू नका.

तुमचा ३/७३/०३ म्हणजे पॉवर कॅलिब्रेशन एरियातली चूक. लिहिण्याआधी ड्राइव्ह डिस्कच्या आतल्या कडेला राखून ठेवलेल्या पट्टीवर लेसर वेगवेगळ्या ताकदीने मारून बघतो आणि या डिस्कच्या डायला (ज्यावर लिहिलं जातं त्या रंगाच्या थराला) कोणती ताकद चालेल ते ठरवतो. हेच ओपीसी. ती पंधरा-वीस सेकंदांची घरघर बहुधा याचीच. तुमच्याकडे ही चाचणीच नापास होते, म्हणून एकही बाइट लिहिला जात नाही.

कारणं तीनच संभवतात: डिस्क, लेसर, वीज. पहिल्या दोघांवर शंका घेण्याआधी तिसरं बघा, कारण ते फुकट तपासता येतं. यूएसबी २ चा पोर्ट ५०० मिलिअँपिअर देण्यापुरता असतो, यूएसबी ३ चा ९००. स्वतःचा अडॅप्टर नसलेला हब एका पोर्टची वीज चौघांत वाटतो. वाचताना लेसर मंद असतो, त्यामुळे अशा हबवर डिस्क वाचणं बिनबोभाट चालतं. लिहिताना लेसर आणि मोटर एकदम ओढतात आणि व्होल्टेज बसतं. ‘वाचतो, पण लिहीत नाही’ या तक्रारीत पहिला संशय याचाच.

करायचं ते असं. हब काढा, ड्राइव्ह थेट मशिनच्या पोर्टला लावा. डेस्कटॉप असेल तर पुढचा पोर्ट नको, मागचा घ्या. ड्राइव्हसोबत दोन तोंडांची केबल आली असेल तर दोन्ही तोंडं लावा, दुसरं शोभेला दिलेलं नसतं. बाकी काही बदलू नका, वेगसुद्धा नाही. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर नेमकं कशाने सुधारलं ते कळणार नाही.

त्या तीन डिस्क फेकल्या नसतील अशी आशा आहे. एकेक घालून डीव्हीडी+आरडब्ल्यू-मीडियाइन्फो /डेव्ह/एसआर० चालवा. ‘डिस्क स्टेटस: ब्लँक’ आलं तर डिस्क कोरीच आहे, वापरा. फक्त तीच तीच डिस्क पुन्हा पुन्हा घालू नका, चाचणीच्या पट्टीतही जागा मोजकीच असते.

पुढचा प्रयत्न के३बी बाजूला ठेवून थेट करा:

ग्रोआयसोएफएस -डीव्हीडी-कॉम्पॅट -झेड /डेव्ह/एसआर०=फाइल.आयएसओ

झेड कॅपिटल. बरोबरच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना स्पेस नको. चालू असताना टक्क्यांपुढे वेग, आरबीयू आणि यूबीयू दिसेल, ते तिन्ही टिपून ठेवा.

आणि रूटचं: परवानगीची अडचण असती तर ड्राइव्ह उघडलाच नसता, ओपीसीपर्यंत गाडी आलीच नसती. पुन्हा रूटने के३बी चालवू नका, सेटिंगच्या फायली रूटच्या मालकीच्या होऊन बसतात आणि मग ते निस्तरायचं वेगळं काम.

---

मूषकराज

हब काढला, मागचा पोर्ट, दोन्ही तोंडं लावली. ओपीसी पास झालं! पण आनंद ९२ टक्क्यांपर्यंतच टिकला:

राइट@एलबीए=१एबीई००एच फेल्ड विथ एसके=३एच/एएससी=०सीएच/एएससीक्यू=००एच

वेग सुरुवातीला ३.३एक्स होता, हळूहळू वाढत बंद पडताना ७.२एक्स. आरबीयू पूर्ण वेळ १००, यूबीयू ९८-९९. मीडियाइन्फो या ड्राइव्हवर या डिस्कसाठी तीनच वेग दाखवतो: ८, ६, ४. आधीच्या तीनपैकी दोन डिस्क ‘ब्लँक’ आहेत.

---

तबकडी

विजेचा प्रश्न सुटला, आता वेग. आकडे छान दिलेत, त्यामुळे अंदाजाने बोलायची गरज नाही.

आधी बफर बाजूला काढू. आरबीयू म्हणजे ग्रोआयसोएफएसने मेमरीत ठेवलेला ३२ एमबीचा साठा, यूबीयू म्हणजे ड्राइव्हच्या आतला. आरबीयू शून्याकडे घसरत असेल तर हार्डडिस्क किंवा नेटवर्कवरची फाइल पुरेशा वेगाने येत नाही. आरबीयू भरलेला आणि यूबीयू घसरतोय, तर यूएसबीची वाट अरुंद आहे. तुमचे दोन्ही भरलेले आहेत. माल वेळेवर पोचतोय, लिहिताना बिघडतंय. ३/०सी/०० म्हणजे सरळसरळ ‘लिहिता आलं नाही’.

आता कुठे बिघडलं ते. १एबीई०० हा हेक्समधला ब्लॉक, दशमानात १७,५२,५७६. ब्लॉक २०४८ बाइटचा, म्हणजे साधारण ३.५९ जीबीवर. डीव्हीडी-आरवर एकूण २२,९८,४९६ ब्लॉक असतात, तेव्हा डिस्क ७६ टक्के भरली होती. डीव्हीडीवर डेटा केंद्रापासून २४ मिलिमीटरवर सुरू होतो आणि ५८ वर संपतो. बाहेरचा घेर मोठा असल्याने ७६ टक्के डेटा म्हणजे अंतर जवळजवळ ५२ मिलिमीटर. कडेपासून जेमतेम ८ मिलिमीटर आत.

तुमचा वेग ३.३ वरून ७.२ वर गेला याचं कारण तेच. ड्राइव्ह डिस्क एकाच गतीने फिरवतो, लेसर बाहेर सरकतो तसा त्याच्याखालून सेकंदाला जास्त लांबीचा माग जातो. ‘८एक्स’ हा आकडा फक्त अगदी कडेला गाठला जातो. आणि डिस्कचा डाय सर्वांत असमान आणि डिस्क सर्वांत वाकडी असते तीही कडेलाच. आतला भाग नीट आणि शेवटचा पाव भाग नापास हे स्वस्त डिस्क किंवा म्हाताऱ्या लेसरचं नेहमीचं लक्षण.

कोऱ्या दोनपैकी एक डिस्क घ्या, आणि वेग बांधा:

ग्रोआयसोएफएस -डीव्हीडी-कॉम्पॅट -स्पीड=४ -झेड /डेव्ह/एसआर०=फाइल.आयएसओ

४एक्स म्हणजे ५,५४० केबी प्रतिसेकंद, तुमचा आयएसओ बारा मिनिटांच्या आसपास लागेल. शेवटी डिस्क बंद करताना आणखी वेळ जाईल, शंभर टक्के दिसले म्हणून केबल ओढू नका. स्पीड=१ देऊन ‘आणखी सुरक्षित’ करायला जाऊ नका. ड्राइव्हला यादीतलाच एखादा वेग घ्यावा लागतो. शिवाय १६एक्ससाठी बनवलेल्या डिस्कवर फार हळू लिहिणं चांगलं असतंच असं नाही, फर्मवेअरमध्ये प्रत्येक डिस्कच्या कोडसाठी लेसरच्या स्पंदांचं वेगळं वेळापत्रक ठरवलेलं असतं. अशा डिस्कला ४एक्सच बहुतेक वेळा बरा पडतो.

४एक्सलाही ५२ मिलिमीटरजवळच तुटलं, तर दुसऱ्या उत्पादकाची डिस्क आणा. दुसरा ब्रँड म्हणजे दुसरा उत्पादक असं नसतं हं. मीडियाइन्फोमधली ‘मीडिया आयडी’ची ओळ बघा, ती वेगळी हवी. वेगळ्या आयडीवरही तेच झालं तर लेसर दमलाय.

सिम्युलेशनचा सल्ला कुणी देईल म्हणून आधीच सांगून ठेवतो: डीव्हीडी-आरवर ते चालतं, पण लेसर लिहिण्याच्या ताकदीवर जातच नाही, त्यामुळे तुमची चूक त्यात सापडायची नाही. डीव्हीडी+आरला तर ती सोयच नाही.

---

सेक्टर२०४८

सीडीकडे कुणी बघितलंच नाही. मूषकराज, तुमची सीडी बहुतेक ठणठणीत आहे.

डीमेसेज म्हणतो सेक्टर १२९२४४०. कर्नल सेक्टर ५१२ बाइटचे मोजतो, सीडीचा ब्लॉक २०४८ चा. चाराने भागा: ३,२३,११०. आता आयएसओचा आकार २०४८ ने भागा: ६६,१७,२९,२८० भागिले २०४८ बरोबर ३,२३,११०. ब्लॉकची मोजणी शून्यापासून होते, म्हणून तुमचा शेवटचा ब्लॉक ३,२३,१०९. म्हणजे चूक आली ती तुमचा डेटा संपल्यानंतरच्या पहिल्या ब्लॉकवर. तुमचा एकही बाइट त्यात नाही.

तो जादा ब्लॉक आला कुठून? सीडी ‘ट्रॅक ॲट वन्स’ पद्धतीने लिहिली की ट्रॅकच्या शेवटी लेसर बंद करताना दोन रन-आउट ब्लॉक तयार होतात. ड्राइव्ह ट्रॅकच्या लांबीत ते धरतो, पण त्यांत वाचण्यासारखं काही नसतं. शा२५६सम डिव्हाइसच्या टोकापर्यंत वाचायला जातं आणि तिथे ठेचकाळतं.

डीडीचा आकडा जुळला नाही, त्याचं कारण निराळं, आणि ही चूक मात्र तुमच्या कमांडची. ‘सिंक’ म्हणजे अर्धवट मिळालेला ब्लॉक शून्यं घालून पूर्ण करा. तुमचा बीएस १ एमबीचा. आयएसओ ६३१ पूर्ण ब्लॉक आणि वर ७७,८२४ बाइट असा आहे. त्या ७७,८२४ नंतर डीडीने शून्यं भरून ब्लॉक पूर्ण केला. डिस्क कितीही निर्दोष असली तरी चेकसम वेगळाच येणार. नोएरर,सिंक ही जोडी मोडक्या डिस्कमधून मिळेल ते ओरबाडून काढायला, पडताळणीला नव्हे.

बरोबर पडताळणी अशी:

डीडी इफ=/डेव्ह/एसआर० बीएस=२०४८ काउंट=३२३११० | शा२५६सम

त्याआधी ट्रे बाहेर काढून परत आत घ्या. हे विसरलं तर बर्नच्या आधीची माहिती कर्नलच्या डोक्यात शिल्लक राहू शकते आणि तुम्ही भलत्याच आकाराची डिस्क वाचत बसता. स्टॅट -सी %एस फाइल.आयएसओ ने आकार काढा, २०४८ ने भागा, तोच काउंट. भागाकार पूर्णांकात आला नाही तर आयएसओच अर्धवट डाउनलोड झालाय, डिस्क घालण्याआधीच थांबा.

पुढच्या सीडीपासून ही कटकटच नको असेल तर दोन वाटा. एक, ‘डिस्क ॲट वन्स’ वापरा (के३बीत रायटिंग मोडमध्ये डीएओ, सीडी लिहिणाऱ्या वोडिम या कमांडला -डीएओ), त्यात रन-आउट ब्लॉक येत नाहीत. दोन, शेवटी १५० ब्लॉक म्हणजे ३०० केबीची पॅडिंग द्या. पॅडिंगचा फायदा असा की कर्नल पुढचं आगाऊ वाचायला गेला तरी रन-आउटला धडकण्याआधी खऱ्या डेटाचे ब्लॉक हाती आलेले असतात. वोडिमला नुसतं -पॅड दिलं तर १५ च ब्लॉक मिळतात, म्हणून पॅडसाइझ=१५०एस असं स्पष्ट द्या. आयएसओ डिस्कच्या क्षमतेला टेकलेला असेल तर पॅडिंग मावते का ते आधी बघा. ८० मिनिटांच्या सीडीवर साधारण ३,६०,००० ब्लॉक, त्यामुळे तुमच्याकडे जागा भरपूर आहे.

---

लॉगवाचक

सेक्टरभाऊंचं बरोबर. वोडिमचा विषय निघालाच आहे तर: २००६ मध्ये परवान्याच्या वादातून डेबियनने सीडीरेकॉर्ड या जुन्या प्रोग्रामपासून तो वेगळा काढला आणि त्याची शेवटची आवृत्ती २०१० ची. सीडीला चालतो. डीव्हीडीला ग्रोआयसोएफएस किंवा एक्सऑरिसो (तसाच दुसरा बर्न करणारा प्रोग्राम) घ्या. ब्लू-रेला वोडिम घेऊच नका. त्याचा ‘कॅनॉट रेझ आरएलआयएमआयटी_मेमलॉक’ हा इशारा बघून घाबरायचं कारण नाही, मेमरी कुलूपबंद करता आली नाही एवढंच तो सांगतो. ‘कॅनॉट ओपन एससीएसआय ड्रायव्हर’ आलं तर मात्र डेव्ह= मध्ये चुकीचं उपकरण दिलंय किंवा तुम्ही सीडीरॉम गटात नाही. गटात नाव घातल्यावर लॉगआउट करून परत या, नुसती नवी टर्मिनल खिडकी उघडून भागत नाही.

---

मूषकराज

४एक्सवर डीव्हीडी पूर्ण. यूबीयू शेवटपर्यंत ९९. सीडीचा चेकसम काउंट देऊन जुळला, आणि डीव्हीडीचाही त्याच पद्धतीने. दुसरी डिस्क आता के३बीतून ४एक्स ठेवून करतो. ‘ऑटो’ला हात लावत नाही.

---

निळी_तबकडी

याच धाग्यात विचारून घेते. बीडी-आर (एकदाच लिहिता येणारी ब्लू-रे), २५ जीबी, ग्रोआयसोएफएसने. सगळं लिहून होतं आणि शेवटी ‘क्लोज सेशन फेल्ड विथ एसके=५एच/इनव्हॅलिड फील्ड इन सीडीबी’. शिवाय बर्नला अपेक्षेच्या दुप्पट वेळ लागतो, आणि २४.९ जीबीचा आयएसओ मावत नाही म्हणतो. डिस्क तर २५ ची आहे ना?

---

तबकडी

तीन तक्रारी आहेत, पण दोघींचं मूळ एकच.

ग्रोआयसोएफएस कोरी बीडी-आर आधी फॉरमॅट करतो आणि खराब जागा बदलून घेण्यासाठी राखीव पट्टा ठेवतो. कोऱ्या डिस्कची क्षमता २५,०२,५३,१४,८१६ बाइट, फॉरमॅटनंतर उरतात २४,७५,६८,७९,३६०. म्हणून २४.९ जीबी मावत नाही. आणि राखीव पट्टा आहे म्हटल्यावर ड्राइव्ह लिहिलेलं लगेच वाचून तपासतो, म्हणून वेग निम्मा. हे बंद करायला:

-यूज-द-फोर्स-ल्यूक=स्पेअर:नन

पर्यायाचं नाव थट्टेचं वाटतं, पण खरंच तेच आहे. हे कोऱ्या डिस्कवरच लागू पडतं, एकदा फॉरमॅट झालेली बीडी-आर मागे नेता येत नाही. डिस्क जरा संशयास्पद असेल तर राखीव पट्टा असू द्या आणि दुप्पट वेळ सहन करा. जपून ठेवायच्या बॅकअपला तो सौदा वाईट नाही.

शेवटची चूक मात्र ग्रोआयसोएफएसची स्वतःची आहे. सेन्स की ५ बघा: ड्राइव्हला न कळणारी आज्ञा गेली. बीडी-आरवर सेशन बंद करण्याची आज्ञा तो चुकीच्या रूपात पाठवतो, पण तोवर डेटा सगळा लिहून झालेला असतो. ट्रे आतबाहेर करा, वर सेक्टरभाऊंनी सांगितल्याप्रमाणे काउंट देऊन चेकसम काढा. जुळला तर डिस्क चांगली. चुकीची ओळच नको असेल तर एक्सऑरिसो घ्या:

एक्सऑरिसो -ॲज सीडीरेकॉर्ड -व्ही डेव्ह=/डेव्ह/एसआर० फाइल.आयएसओ

हा कोरी बीडी-आर आपण होऊन फॉरमॅट करत नाही, त्यामुळे पूर्ण क्षमता आणि पूर्ण वेग मिळतो.

---

निळी_तबकडी

चेकसम जुळला. म्हणजे चूक दिसली म्हणून आधीच्या दोन डिस्क उगाच टाकल्या.

---

सेक्टर२०४८

कचऱ्याच्या पेटीत असतील अजून तर काढा. त्यांचाही काउंट तोच.